घराजवळचा दोजो: जपानमध्ये राहून बुदो शिकायचं असेल तर

नोकरीनिमित्त जपानला आलेल्या आपल्या मंडळींना सहा महिने झाले की दोन इच्छा होतात. एक फूजी चढायची आणि दुसरी काहीतरी ‘खास जपानी’ शिकायची. फूजीचं ज्याचं त्यानं बघावं. दुसऱ्या इच्छेत बहुतेकदा बुदो, म्हणजे जपानी युद्धकला, येतं आणि मग प्रश्न सुरू होतात: केंदो बरं की आइकिदो? कराटे तर सांगलीतही शिकता आलं असतं, मग इथे येऊन ज्युदो करू का? तलवारीचं काही असतं का हो?

माझं उत्तर ठरलेलं आहे. कला ठरवू नका, अंतर ठरवा. घरापासून सायकलवर दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल असा दोजो, म्हणजे सरावाची जागा, शोधा आणि तिथे जे शिकवत असतील ते शिका. सातला ऑफिस सुटलंय, जूनचा पाऊस लागलाय, मुलाला उद्या शाळेत काहीतरी चिकटवून न्यायचंय, अशा दिवशी पन्नास मिनिटांचा लोकलप्रवास करून कुणी नामांकित दोजोत जात नाही. कोपऱ्यावरच्या दोजोत मात्र जातं. बुदोत जे काही हाती लागतं ते जात राहण्यानं लागतं. माझ्या ओळखीतले जे टिकले ते सगळे शेजारच्या दोजोतले आहेत.

मी क्यूदोकडे अशीच आले. एदोगावा वॉर्डात राहायला आल्यावर सायकलच्या टप्प्यात जे सापडलं ते धनुष्यबाणाचं निघालं. कराटेचं निघालं असतं तर आज मी कराटेवर लिहीत असते. म्हणून पुढचा तपशील बराचसा क्यूदोचा आहे. शोधण्याची आणि टिकण्याची रीत मात्र सगळीकडे जवळपास सारखीच.

दोजो सापडतो कुठे

इंटरनेटवर इंग्रजीत शोधलंत तर पर्यटकांसाठीचे ‘दोन तासांत सामुराई’ छापाचे अनुभव सापडतील. किमोनो, फोटो, दहा-बारा हजार येन. पाहुणे आले की न्यायला ठीक. शिकण्यासाठीचा दोजो बहुतेक वेळा जपानी भाषेतल्या कागदावर असतो. तो कागद म्हणजे वॉर्डाचं बातमीपत्र, कुहो. स्टेशनच्या फाटकाजवळ, वाचनालयात, वॉर्ड ऑफिसात फुकट ठेवलेलं असतं. त्यात क्रीडावर्गांचा रकाना बघा आणि ‘शोशिन्शा क्योशित्सु’, म्हणजे नवशिक्यांचा वर्ग, हे शब्द शोधा. फोनचा कॅमेरा धरला तरी भाषांतर होतं, तेवढं पुरतं.

हे वर्ग वॉर्डाचं क्रीडाकेंद्र आणि त्या त्या कलेची स्थानिक संघटना मिळून चालवतात. साधारण दोन-अडीच महिने, आठवड्यातून एक संध्याकाळ. फी काही हजार येन आणि साहित्य त्यांचंच. एवढ्या पैशात जपानमध्ये दुसरं काही शिकायला मिळत असेल तर मला कळवा. अट सहसा अशी असते की तुम्ही त्या वॉर्डात राहणारे, काम करणारे किंवा शिकणारे असावेत. हे ‘काम करणारे’ लक्षात ठेवा. घरच्या वॉर्डात हवा तो वर्ग नसेल तर ऑफिसच्या वॉर्डाचं कुहो उघडा.

अर्ज आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन होतो, पण काही ठिकाणी अजून ‘ओफुकु हागाकी’, म्हणजे जोडकार्ड, पाठवावं लागतं. पोस्टात मिळतं. एका अर्ध्यावर त्यांचा पत्ता आणि तुमची माहिती, दुसऱ्या अर्ध्यावर तुमचा स्वतःचा पत्ता. त्या दुसऱ्या अर्ध्याची मागची बाजू कोरी ठेवायची. तिथे ते निकाल छापतात. तिथेच मजकूर लिहून ठेवला तर छापायला जागा उरत नाही. अर्ज जास्त आले तर सोडत निघते. नाव नाही लागलं तर पुढच्या खेपेला पुन्हा पाठवायचं.

याशिवाय दोन जागा आपल्या लोकांना सहसा माहीत नसतात. पहिली म्हणजे प्राथमिक शाळांची व्यायामशाळा. संध्याकाळी ती स्थानिक मंडळांना वापरायला मिळते आणि तिथे केंदो (बांबूच्या तलवारीचं), आइकिदो, नागिनाता (लांब दांड्याच्या पात्याचं) चालतं. रात्री शाळेच्या बाजूनं जाताना आरोळ्या ऐकू आल्या तर घाबरू नका, तो केंदोचा वर्ग आहे. दुसरी जागा पोलीस ठाणं. बऱ्याच ठाण्यांत मुलांसाठी ज्युदो-केंदोचे वर्ग चालतात, पोलीसच शिकवतात, आणि फी असलीच तर नाममात्र. पोलीस ठाण्यात मुलाला घेऊन जायचं म्हटलं की सासूबाईंचा आवाज फोनवर बदलतो, पण वर्ग खरंच चांगले असतात.

तोक्योत राहत असाल आणि नशिबानं कासुगाजवळ किंवा शिंजुकूच्या वाकामात्सुचोजवळ घर असेल तर गोष्ट वेगळी. कासुगाला कोदोकान आहे, १८८२ साली कानो जिगोरो यांनी सुरू केलेलं ज्युदोचं मूळ पीठ. वाकामात्सुचोला आइकिदोचा होम्बु दोजो, म्हणजे मुख्यालय, आहे, आइकिदोचे जनक उएशिबा मोरिहेई यांच्या परंपरेतला. दोन्हीकडे नवशिक्यांसाठी वर्ग आहेत आणि परदेशी माणसांची सवय आहे. पण नेरिमाहून किंवा चिबाहून तिथे रोज जायचा बेत करत असाल तर वरचा अंतराचा परिच्छेद पुन्हा वाचा.

आधी नुसतं बघायला जा

दोजोत थेट नाव घालू नये. ‘केनगाकु’ला, म्हणजे नुसतं बघायला, जाता येतं. काउंटरवर किंवा फोनवर ‘केनगाकु शिताई नो देसु गा’ एवढं म्हणता आलं तरी पुढचं ते सांभाळतात. मोजे स्वच्छ आणि बिनभोकाचे घाला. चपला काढून टोकं दाराकडे करून ठेवा. आत शिरताना समोरच्या भिंतीकडे, म्हणजे कामिझाच्या दिशेला, कमरेतून वाका. तिथे लहानसं देवघर, कामिदाना, असू शकतं. पण सरकारी क्रीडाकेंद्रात ते सहसा नसतं, झेंडा किंवा नुसती भिंत असते. तरी वाकायचं. बसायला सांगितलं की सेइझा, गुडघे मोडून. ‘राकु नि दोउझो’ म्हणाले की खुशाल मांडी घाला.

बसून काय बघायचं? सेनसेईंची, म्हणजे शिकवणाऱ्यांची, तलवारबाजी किंवा नेमबाजी बघू नका. ते उत्तमच असणार आणि तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही. नवशिक्याकडे बघा. तो चुकला की काय होतं? कुणी ओरडतं, की हात धरून जागेवर आणतं? जुने सभासद त्याच्याशी बोलतात का? चाळिशी-पन्नाशीत सुरू केलेलं कुणी दिसतंय का, की सगळे शाळेपासून करणारे? बायकांना कपडे बदलायला खोली आहे का? आणि वर्ग ठरल्या वेळी संपतो का, कारण परतीची बस तुमची आहे.

मुलाला ज्युदोत घालणार असाल तर एकच गोष्ट बारकाईनं बघा: उकेमी, म्हणजे पडायचं कसं, हे किती दिवस शिकवतात. जपानमध्ये शाळांतल्या ज्युदोत डोक्याला इजा होऊन गंभीर अपघात झालेले आहेत आणि त्यावर बरीच चर्चा होऊन शिकवण्याची रीत सुधारली आहे. नव्या मुलाला पहिल्याच महिन्यात ओसोतोगारी नावाच्या डावानं मागे पाडत असतील तर तिथून उठा. दुसरा वर्ग शोधा.

प्रकारांबद्दल दोन शब्द, कारण विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. जपानमध्ये आधुनिक बुदो म्हणून नऊ कलांचे संघ एकत्र येतात: ज्युदो, केंदो, क्यूदो, सुमो, कराटेदो, आइकिदो, शोरिंजी केम्पो, नागिनाता आणि ज्युकेंदो (संगिनीची कला). २०१२ पासून माध्यमिक शाळांत बुदो सक्तीचं आहे, त्यामुळे तुमचं मूल इथल्या शाळेत गेलं तर काहीतरी करणारच. केंदोत चिलखत लागतं, दम लागतो आणि उन्हाळ्यात वास येतो. आइकिदोत सहसा स्पर्धा नसते, जोडीदाराबरोबर फेकणं आणि फेकलं जाणं असतं, मनगटं तपासून घ्या. नागिनातात बायका जास्त आणि माझ्या पाहण्यात वातावरण सगळ्यात हसरं. कराटे ओकिनावातून मुख्य जपानात येऊन फार झालं तर शंभरेक वर्षं झालीत, पण दोजो गल्लोगल्ली. तलवार म्यानातून काढण्याची कला, इआइदो, संथ आणि एकट्यानं करायची आहे. नवशिक्याला धार नसलेली तलवार देतात. खऱ्या तलवारीला नोंदणीचा कागद लागतो, त्या फंदात पडू नका.

क्यूदोचे पहिले महिने

क्यूदो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर क्योतोतलं सांजुसांगेन्दो येतं, जानेवारीत विशीतल्या मुली रंगीत किमोनो घालून नेम धरतात ते. ते ६० मीटरवरचं खास दिवसाचं दृश्य. रोजच्या क्यूदोत निशाण २८ मीटरवर असतं, व्यास ३६ सेंटीमीटर. वाळूच्या उतरत्या ढिगात, आझुचीत, जमिनीलगत रोवलेलं. निशाणाच्या मधोमध लागला काय आणि कडेला लागला काय, लागला म्हणजे लागला. गुण नाहीत.

धनुष्य २ मीटर २१ सेंटीमीटर, म्हणजे बहुतेकांपेक्षा उंच, आणि धरायची मूठ मधोमध नसून बरीच खाली. ते डाव्याच हातात धरायचं. तुम्ही डावखुरे असलात तरी डाव्याच हातात. त्यावर वाद घालून उपयोग नाही, मी घालणाऱ्यांना पाहिलंय.

पहिले काही वर्ग तुमच्या हातात धनुष्य देणार नाहीत. चालायला शिकवतील. टाच न उचलता, पाय जमिनीला घासत, नजर चार मीटर पुढे. उभं राहायचं, बसायचं, वळायचं, श्वास कुठे घ्यायचा. ‘किझा’ नावाची एक बैठक आहे, टाचांवर बसून पायाची बोटं आत वळवलेली. मांडीची सवय असणाऱ्या आपल्या लोकांची कंबर आणि गुडघे मजेत असतात, बोटं मात्र रडतात. घरी टीव्ही बघताना रोज थोडा वेळ तसं बसा. महिन्याभरात बोटं गप्प होतात.

मग गोमुयुमी येतं, लहानशा मुठीला बांधलेलं रबर. त्यावर आठ पायऱ्या गिरवायच्या. अशीबुमी म्हणजे पाय रोवणं. दोझुकुरी म्हणजे धड त्यावर तोलून ठेवणं. युगामाए, मूठ आणि दोरी धरून तयार होणं. उचिओकोशी, दोन्ही हात डोक्याच्या वर उचलणं. हिकिवाके, धनुष्य खाली आणत उघडणं. काई, पूर्ण ताणलेल्या स्थितीत थांबणं. हानारे, सुटणं. आणि झानशिन, सुटल्यावर तसंच उभं राहणं. ही नावं पाठच करा, कारण सेनसेईंची प्रत्येक दुरुस्ती याच शब्दांत येते: ‘तुझं दोझुकुरी गेलं.’ बाकी जपानी येत नसलं तरी या आठ शब्दांवर वर्षभर काढता येतं.

यातलं हिकिवाके सगळ्यांनाच नडतं. उजव्या हातानं दोरी खेचायचा मोह होतो, कारण दोरी उजव्या हातात असते. खेचायचं नसतं. डावा हात निशाणाकडे ढकलत आणि उजवं कोपर मागे नेत, दोन्हीकडे सारखं उघडत शिरायचं असतं, छाती आणि पाठ वापरून. आरसा लागतो. दोजोत आरसा असतो, घरी कपाटाचा चालतो. गोमुयुमी विकत मिळतं, एक-दोन हजार येनला. ही एकच वस्तू मी पहिल्या महिन्यात घ्यायला सांगेन. खरं धनुष्य घरी ओढायला जाऊ नका, छताचा दिवा जाईल.

त्यानंतर माकिवारा, म्हणजे पेंढ्याचा घट्ट बांधलेला गठ्ठा, दोनेक मीटर अंतरावरून. इथे पहिल्यांदा बाण सुटतो. काहींना माकिवारासमोर कंटाळा येतो आणि २८ मीटरवर जायची घाई होते. माझं मत विचाराल तर सगळं शिक्षण तिथेच होतं, कारण नेम चुकायची भीती नसते आणि शरीराकडे लक्ष राहतं. निशाण समोर आलं की भल्याभल्यांचं डोकं फिरतं. ‘हायाके’ नावाचा एक रोग आहे. ताणून झाल्यावर पाचेक सेकंद थांबायचं असतं, पण निशाण दिसलं की हात आपोआप सुटतो, थांबवताच येत नाही. विद्यापीठातल्या चांगल्या चांगल्या नेमबाजांना होतो. औषध एकच: पुन्हा माकिवारा.

यूट्यूबवर व्हिडिओ बघाल तर एक भानगड लक्षात ठेवा. धनुष्य उचलायच्या दोन रीती आहेत: शोमेन, म्हणजे समोरून सरळ, आणि शामेन, म्हणजे आधी तिरपं करून. दोन्ही बरोबर आहेत. तुमच्या दोजोत जी असेल ती करा, भेळ करू नका.

इजा कशी टाळायची

बाणाची लांबी सगळ्यात महत्त्वाची. डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरायचा, गळ्याच्या मध्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं. ते तुमचं माप, याझुका. नवशिक्याचा बाण त्याहून दहाएक सेंटीमीटर लांब असावा. आखूड बाण ताणताना टोक धनुष्याच्या आत येतं आणि सुटला की डाव्या हातात घुसतो. दोजोतले बाण सामाईक वापराचे असतील तर घेताना दर वेळी मापून घ्या. कुणी ‘चालेल’ म्हणालं तरी मापा.

बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडायची नाही. धनुष्य तुटू शकतं आणि तुकडा चेहऱ्यापाशीच असतो. आणि धनुष्य कुणी ताणलेलं असताना त्याच्या पुढे जायचं नाही, मागूनही धक्का लागेल असं जायचं नाही. बाण काढायला जाण्याआधी टाळ्या वाजवून, हाक देऊन, लाल झेंडा किंवा दिवा लावून जायचं. सगळ्यांनी धनुष्य खाली केलंय हे डोळ्यांनी बघितल्यावरच वाळूकडे पाऊल टाकायचं.

दोरी कानाच्या मागपर्यंत ओढली जाते आणि सुटताना गालाजवळून जाते. म्हणून कानातलं काढा, अगदी खडा असला तरी. डाव्या हातातल्या बांगड्या काढा, कारण सुरुवातीला धनुष्य मुठीत नीट फिरत नाही आणि दोरी दंडापासून मनगटापर्यंत कुठेही चाटून जाते. मंगळसूत्र काढून पाकिटात ठेवा. काढायचं नसेल तर आत खोचा आणि वरून छातीचं कवच, मुनेआते, घाला. ते बायकांना द्यायची पद्धत आहेच. केस मागे बांधा, शेपटा पुढे घेऊ नका. चष्मा चालतो, पण काडी सैल नको. आणि काळा-निळा डाग उठला म्हणून नाराज होऊ नका, पहिल्या महिन्यांत प्रत्येकाच्या डाव्या हातावर असतो. खांदा दुखत असेल तर मात्र हलकं धनुष्य मागून घ्या. नव्या बाईला आठेक किलोचं आणि पुरुषाला दहाएक किलोचं पुरतं (किलो म्हणजे वजन नव्हे, ओढायला लागणारा जोर). जड धनुष्य ओढण्यात काही मर्दुमकी नाही. सेनसेई लगेच ओळखतात आणि काढून घेतात.

आमचा दोजो एका बाजूनं पूर्ण उघडा आहे, बहुतेक क्यूदोजो असेच. जानेवारीत पायात फक्त ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे, असतात आणि फळ्या बर्फासारख्या. कंबरेला चिकटवायच्या गरम पट्ट्या कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, मिळतात, त्या लावा. ऑगस्टमध्ये डास असतात, उदबत्ती दोजोच लावतो.

काय विकत घ्यायचं, कधी

लगेच काही नाही. आपल्याला नवीन काही सुरू केलं की आधी किट लागतं, हा रोग घरीच ठेवा. पहिली खरेदी पांढऱ्या ताबी आणि शितागाके, हातमोज्याच्या आत घालायचा सुती मोजा. वर्ग संपून सभासद झालात की पोशाख: पांढरा वरचा अंगरखा, ओबी (कमरपट्टा) आणि हाकामा (चुण्यांचा घोळदार पायजमा), साधारण दहा हजार येनचा संच. हाकामा घालायला कुणाकडून तरी दोनदा शिकून घ्या आणि घडी घालायला चारदा.

मग युगाके, उजव्या हाताचा हातमोजा, अंगठ्यात कडक साचा असलेला. धनुष्याच्या आधी हा घ्यायचा, कारण तो तुमच्या हाताच्या मापाचा हवा आणि कुणाचा वापरून चालत नाही. वीस-तीस हजारांच्या पुढे जातो. तो हरणाच्या कातड्याचा असतो, हे जैन आणि कडक शाकाहारी मित्रांना आधीच सांगितलेलं बरं. खटकत असेल तर आत्ताच विचार करा, नंतर नको. घामानं भिजू द्यायचा नाही, पाणी लावायचं नाही, घालताना-काढताना खाली बसायचं.

नंतर बाण, सहाचा संच, ॲल्युमिनियमचे घ्या, टिकतात. पिसं बहुधा टर्कीची असतात. जुने गरुडपिसांचे बाण कुणी विकायला काढले तर हात लावू नका, त्या पिसांच्या खरेदी-विक्रीवर वन्यजीव कायद्याचे निर्बंध आहेत. आणि सगळ्यात शेवटी धनुष्य, कारण पहिल्या वर्षात तुमची ताकद बदलते आणि किलो बदलतात. फायबरचं तीस-चाळीस हजारांपासून. दोजोत धनुष्यांची मांडणी असते, तिथेच ठेवा. सायकलवर ते नेता येत नाही.

विमा काढून घ्या. दोजो सहसा सगळ्यांचा मिळून ‘स्पोर्ट्स आन्झेन होकेन’ काढतो, साधारण दोन हजार येन वर्षाला. त्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, तुम्ही कधीही सुरू केलं तरी. फेब्रुवारीत सभासद व्हाल तर एप्रिलला पुन्हा भरावे लागतील, तेव्हा कुरकुर नको.

सभासद झाल्यावर

इथे खरा दोजो सुरू होतो. वॉर्डाचा दोजो हा क्लास नव्हे, मंडळ आहे. फी महिन्याला दोन-तीन हजार, पाकिटात सुटे मोजून, वर नाव लिहून, हिशेब बघणाऱ्या बाईंच्या हातात. कुणी पगार घेत नाही. सेनसेईसुद्धा नाही, बहुतेक ठिकाणी. आमच्या सेनसेई बाईंनी ऐंशी ओलांडलीय आणि त्या माझ्याआधी येऊन फरशी पुसत असतात. म्हणून नवीन माणसानं लवकर यायचं, फडकं धुवायचं, निशाणावर कागद चिकटवायला शिकायचं, वाळूवर पाणी मारून ती थोपटायची. बाण काढून आणायचं काम नव्यांचं. ते आनंदानं करा, कारण वाळूच्या बाजूच्या आडोशातून जुन्या लोकांचे बाण कसे येतात ते समोरून बघायला मिळतं, आणि हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

धनुष्य किंवा बाण ओलांडायचा नाही. पुस्तकाला पाय लागला की आपण जसे दचकतो तसंच हे, त्यामुळे आपल्याला शिकवावं लागत नाही.

‘सेनसेई’ फक्त शिकवणाऱ्याला म्हणायचं, बाकी सगळ्यांना ‘सान’. सेनसेईंनी दुरुस्ती केली की ‘हाय’ म्हणून ती करून बघायची. ‘पण त्या दुसऱ्या सेनसेई तर म्हणाल्या होत्या...’ हे वाक्य कुठल्याही भाषेत उच्चारू नका. दोघांना ‘हाय’ म्हणा आणि ज्यांच्या हाताखाली नेहमी असता त्यांचं धरा. यायला जमणार नसेल तर ‘लाइन’ ॲपच्या ग्रुपवर कळवा. दोन ओळी पुरतात, न कळवता गायब होणं मात्र फार दिवस लक्षात राहतं.

वर्षअखेरीच्या बोनेनकाईला जेवण असतं. तुम्ही काय खात नाही ते महिनाभर आधी सांगा, टेबलावर बसल्यावर नव्हे. ‘मांस नाही’ म्हटलं की मासा येतो, आणि मासाही नाही म्हटलं तरी मासळीचा दाशी, म्हणजे रस्स्याचं पाणी, राहतोच. तुमची रेघ कुठे आहे ती स्पष्ट बोला. भारतातून येताना खाऊ आणाल तर वेगवेगळा गुंडाळलेला आणा. राजगिऱ्याची चिक्की आमच्याकडे हिट आहे. बेसनाचे लाडू प्रवासात फुटतात आणि हाकामावर सांडतात.

वर्षभरात परीक्षेचं निघेल. क्यूदोचा अखिल जपानी महासंघ १९४९ पासून आहे आणि दर्जा तोच देतो, पाच क्यू या खालच्या दर्जापासून वर, मग शोदान (पहिला दान), निदान (दुसरा दान) असं. अर्ज बराच आधी भरावा लागतो. दोन बाण मारायचे आणि एक लेखी पेपर. शोदानसाठी बाण निशाणाला लागलाच पाहिजे असं नाही. चालणं, बसणं, आठ पायऱ्या साच्यात आहेत का आणि बाण सैरावैरा जात नाहीत ना, हे बघतात. लेखी प्रश्न आधी जाहीर झालेल्या यादीतूनच येतात. आठ पायऱ्या जपानीत लिहिता आल्या पाहिजेत, तेव्हा कांजीची, म्हणजे जपानी चित्राक्षरांची, वही आधीच सुरू करा. परीक्षा नको असेल तर देऊ नका, तसे सभासदही आमच्याकडे आहेत. पण सेनसेईंनी ‘यंदा दे’ म्हटल्यावर टाळायचं असेल तर कारण ठोस हवं.

परत जायचं झालं तर

कंपनीनं तीनच वर्षांसाठी पाठवलं असेल तर माझा अंतराचा नियम थोडा सैल करा. ज्युदो, कराटे पुढे महाराष्ट्रातही चालू ठेवता येतं, आइकिदोही मोठ्या शहरांत. कराटेचे वर्ग तर तालुक्याच्या गावीही आहेत. क्यूदोला मात्र २८ मीटरची मोकळी जागा, वाळू आणि शिकवणारं माणूस लागतं. तीन वर्षांत शोदान होऊ शकतं आणि पुढे इतर देशांतल्या परिसंवादांना जाऊन परीक्षा देता येते, पण त्याला तिकिटाचे पैसे लागतात. एवढं माहीत असून हवं असेल तर खुशाल करा.

जायचं ठरलं की सेनसेईंना सगळ्यात आधी सांगा, ग्रुपवर टाकण्याआधी. दर्ज्याचं प्रमाणपत्र आणि महासंघाचा सभासद क्रमांक जपून ठेवा, परदेशात नोंदणी करताना लागतो. युगाके आणि बाण बरोबर न्या. बाण केबिनमध्ये चालत नाहीत, चेक-इनच्या सामानात टाका आणि टोकं गुंडाळा. धनुष्य विमानानं नेण्याचा खर्च ऐकून बहुतेकजण ते दोजोतच ठेवून जातात. तिथे तुमच्यानंतर आलेल्या कुणाला तरी तेवढ्याच किलोचं हवंच असतं. मुठीवरचं कातडं तेवढं बदलून द्या, हजारभर येनचं काम आहे.